दोनशे बारावा फोटो

माझी बायको तीन महिन्यांसाठी म्हणून बंगळूरला गेली होती. लेकीचं बाळंतपण होतं. पुढे लेकीची रजा संपली, जावयाची बदली होता होता राहिली, आणि एवढ्याशा मुलीला पाळणाघरात ठेवायला कुणाचंच मन होईना. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं. भांडण नाही, रुसवा नाही. सगळ्यांना सोयीचं असं एकेक ठरत गेलं, आणि त्या ठरण्यात मी बडोद्यात एकटा राहिलो.

मी एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. दाबमापक, तापमापक तपासायचे, चुकीचे आकडे दाखवणारे काढून दुसरे बसवायचे, हे माझं काम. सकाळी सात वीसला समा भागात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस येते आणि संध्याकाळी पावणेसहाला तिथेच सोडते. निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं होती. स्वयंपाक मला येतो. पोळ्या जरा जाड होतात, पण होतात.

रोज संध्याकाळी साडेसातला बायकोचा फोन यायचा. नात काय खाते, कुठे रांगते, किती शब्द बोलते, हे सगळं सांगून झालं की ती विचारायची, "आज काय केलंत?"

"काही नाही. नेहमीचंच."

एकदा ती म्हणाली, "अहो, रोज नेहमीचंच कसं असतं? काहीतरी सांगा ना."

चिडून नव्हती म्हणाली. पलीकडे कुकरची शिट्टी होत होती, नात रडत होती. मी खरंच आठवून पाहिलं, पण सांगण्यासारखं काही सापडेना. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच जराशी भीती वाटली. छप्पन्न वर्षांचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो, संध्याकाळी परत येतो, आणि मधल्या साडेदहा तासांबद्दल त्याला एक वाक्य बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बसची वाट बघताना थांब्याच्या कठड्याला कुणीतरी विसरलेली एक छत्री दिसली. काळी, जुनी, एक काडी बाहेर आलेली. मी मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. फोटो काढायचा म्हणून काढलेला माझा हा पहिलाच. संध्याकाळी तो घरच्या ग्रुपवर टाकला. बायकोनं फोनवर विचारलं, "कुणाची छत्री?" मी म्हटलं, माहीत नाही, पण मी परत आलो तेव्हाही तिथेच होती. तिचं म्हणणं, पुरुषाची असणार, बायका असली लांब दांड्याची छत्री वापरत नाहीत. त्या दिवशी आम्ही छत्रीवर चार मिनिटं बोललो.

असं ते सुरू झालं. आठवडाभरानं बसमधल्या एकानं मला एका ग्रुपची माहिती दिली. बडोद्याच्या आसपासचे चाळीसेक लोक होते. नियम सोपे होते. रोज एक फोटो, त्याच दिवशी काढलेला, स्वतः काढलेला. बरोबर दिवसाचा क्रमांक आणि फार तर एक ओळ. जमलं नाही तर त्या क्रमांकापुढे 'खाडा' असं लिहायचं आणि पुढे जायचं. ग्रुप चालवणारे गृहस्थ मराठी होते, म्हणून तो शब्द सगळ्या गुजरात्यांच्याही तोंडी बसला होता. मी छत्रीला क्रमांक एक धरलं आणि सुरुवात केली.

रोज एक फोटो म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण कारखान्याच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. तिथे लॉकर आहेत, चावी गळ्यात अडकवायची आणि आत जायचं. म्हणजे माझ्या दिवसाचा सगळ्यात मोठा तुकडा फोटोच्या हद्दीबाहेर. आत कितीतरी दिसायचं. थंडीच्या सकाळी पाइपांवरून उठणारी वाफ, टाकीच्या जिन्यावर बसलेली घूस. ते सगळं डोळ्यांनी बघून सोडून द्यायचं. माझ्या वाट्याला सकाळची वीस मिनिटं आणि संध्याकाळ. पावसाळा संपल्यावर संध्याकाळही आखूड झाली.

मग मी बस कोपऱ्यावर सोडायची तिथून सरळ घरी जाणं बंद केलं. कधी तलावाकडे जायचो, कधी रिक्षा करून विश्वामित्री नदीच्या पुलापर्यंत. पुलावर नेहमीसारखी मगर बघायला गर्दी असायची. मी मगरीचा फोटो काढला नाही, कठड्यावर वाकलेल्या पंधरा-वीस पाठींचा काढला. नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग काढला. आत ढोल चालले होते, मी बाहेर वाकून चपला बघत होतो, आणि राखणीला बसलेल्या माणसाला माझा संशय आला. "कंई खोवायुं, काका?" त्यानं विचारलं. काही हरवलं का. मी नाही म्हटलं आणि निघून आलो.

सावलीच्या माणसाबद्दल आता सांगायला हवं. सावली म्हणजे बडोद्याच्या उत्तरेचं तालुक्याचं गाव, बसनं तासाभराचं. ग्रुपमध्ये तो तिथून फोटो टाकायचा. त्याचे फोटो मला सगळ्यांत आवडायचे. शेताच्या बांधावर ठेवलेला चहाचा पेला. विहिरीच्या काठावर वाळत घातलेला टॉवेल. एक शिंग तुटलेली म्हैस, अंगावर पाणी पडत असताना डोळे मिटून उभी असलेली. आणि रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास माझ्या शेवटच्या फोटोखाली त्याची एक ओळ यायची. "अजवाळुं सरस छे." उजेड छान आहे. किंवा नुसतं, "वाह साहेब."

घरच्या ग्रुपवर तोपर्यंत माझ्या फोटोंना उत्तरं येणं थांबलं होतं. लेक अंगठा दाखवायची, तोही तीन-चार दिवसांचा एकदम. बायको फोनवर फोटोंचा विषय काढेनाशी झाली. मीही काढला नाही. पण सावलीच्या माणसाची ओळ चुकायची नाही. मी बसमधून उतरलो की तिची वाट बघायचो. हळूहळू मी फोटोही त्याच्यासाठी काढू लागलो. उजेड कुठून येतो ते बघू लागलो, कारण त्याला उजेड आवडतो. चहाच्या टपरीवर एकदा उन्हाची तिरीप पातेल्यावर पडली होती, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात म्हटलंसुद्धा, हे बघा.

डिसेंबरात मला ताप आला. दोन दिवस रजा घेऊन पडून होतो. पहिल्या दिवशी पाण्याच्या तांब्याचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी उठवेना. संध्याकाळ झाली तशी मला खाडा लिहायची लाज वाटू लागली. एकशे साठ दिवस एकही खाडा नव्हता. मी मागच्या आठवड्यातला, न वापरलेला एक फोटो शोधला, गच्चीवरच्या दोरीला टांगलेल्या रिकाम्या चिमट्यांचा, आणि तो टाकून दिला. थोड्या वेळानं खाली ओळ आली, "सरस छे."

हे माझ्या मनाला लागून राहिलं. बरा झाल्यावर मी त्याला वेगळा निरोप पाठवला, की तो फोटो त्या दिवशीचा नव्हता, मला ताप होता, मी चुकलो. त्याचं उत्तर आलं, "चालसे हवे, साहेब. तबियत साचवजो." चालेल हो, प्रकृती सांभाळा. मला बरं वाटलं. नुसतं बरं नव्हे, कुणीतरी कपाळावर हात ठेवल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाला भेटायचं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, रविवारी येऊ का. "आवो ने, तमारुं ज घर छे," त्यानं लिहिलं आणि पत्ता पाठवला. मी त्याच्या फोटोंपैकी मला आवडलेले चोवीस निवडले, फोटोवाल्याकडून छापून घेतले आणि एका छोट्या अल्बममध्ये लावले. पहिल्या पानावर म्हैस. अर्धा किलो लीलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, घेतला, इस्त्रीचा सदरा घातला आणि सकाळी नऊच्या बसनं निघालो. खिडकीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना एरंडीची शेतं होती. पाहुणा म्हणून कुणाकडे जाण्याची माझी कितीतरी महिन्यांतली ही पहिली वेळ होती, आणि बोलायला काय काय आहे याची मी वाटेत उजळणी करत होतो.

घर शोधायला त्रास पडला नाही. मोठं, दुमजली घर, पुढे ओटा, ओट्यावर हिंचका, म्हणजे आपला झोपाळा. मी कल्पना केली होती ती माझ्यासारख्या एखाद्या माणसाची. निवांत, एकटा, संध्याकाळी मोबाइल घेऊन बसणारा. दारात आला तो चाळीस-पंचेचाळीसचा, दणकट, खांद्यावर एक मूल आणि कानाला फोन. त्यानं फोनवर बोलता बोलताच मला हात केला आणि आत ओरडून सांगितलं, "बरोडावाळा फोटोवाळा साहेब आव्या छे."

घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, सात-आठ मुलं आणि भावांची म्हातारी आई. त्याचं बियाण्यांचं दुकान होतं, शेती होती, शिवाय गावातल्या शाळेच्या कसल्याशा समितीवर तो होता. माझं स्वागत फार प्रेमानं झालं. पाणी आलं, चहा आला, गाठिया आले. त्यानं भावांना माझी ओळख करून दिली, "रिफायनरीमां छे." मी रिफायनरीत नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

"साहेबांचा तो मोराचा फोटो," तो गुजरातीत भावाला सांगू लागला, "काय फोटो आहे. पिसारा असा, आणि मागून सूर्य."

मोराचा फोटो माझा नव्हता. बडोद्यातल्याच हरणी भागात राहणाऱ्या एक डॉक्टरबाई ग्रुपमध्ये होत्या, त्यांचा होता.

"हो," मी म्हटलं.

"रोज संध्याकाळी सहाला दुकानात जरा गिऱ्हाईक कमी असतं," तो म्हणाला. "तेव्हा मी सगळ्यांचे फोटो बघून घेतो. सगळ्यांना काही ना काही लिहितो. कुणाला वाईट वाटायला नको."

तो हे अगदी सरळ मनानं सांगत होता. मी चहा पीत होतो. चाळीस जणांना रोज एकेक ओळ. मी कधी इतरांच्या फोटोंखाली काय लिहिलंय ते वाचलंच नव्हतं.

मी अल्बम काढून दिला. त्यानं पानं उलटली आणि त्याला खरंच नवल वाटलं. "हे मी काढलेत?" तो म्हणाला. "मी तर टाकले की पुसून टाकतो. फोन भरतो ना." मुलं अल्बमवर पडली. विहीर ओळखू आली, टॉवेल कुणाचा यावर वाद झाला. तेवढ्यात त्याची बायको आतून आली. पहिलं पान बघितलं आणि ती पदराला हात पुसायला लागली. ती म्हैस दिवाळीत मेली होती. दोन्ही वेळा तिची धार हीच काढायची. "हिचा आमच्याकडे एकही फोटो नाही," ती म्हणाली. तिनं तो फोटो हलक्या हातानं पानातून बाहेर काढला आणि आत घेऊन गेली. नवऱ्याला विचारलं नाही, मलाही नाही.

जेवायला मला सगळ्यांच्या आधी बसवलं. दाळ, भात, वालाचं शाक, तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या पातळ रोटल्या. मी किती खाल्ल्या ते मला आठवत नाही. जेवण झाल्यावर त्याला दुकानातून बोलावणं आलं. "तुम्ही आराम करा साहेब, मी आलोच," म्हणून तो मोटारसायकलवरून गेला. भाऊ झोपायला गेले, बायका मागच्या बाजूला. ओट्यावर मी आणि त्याची आई राहिलो. ती हिंचक्यावर, मी खुर्चीत.

"घरवाळां?" तिनं विचारलं.

"बंगळूरला. मुलीकडे."

"अने तमे?"

"बडोद्याला."

"एकला?"

"हा."

तिनं पायानं हिंचका थोडा हलवला. "रोटली कोण करे छे?"

"हुं."

ती हसली. बिनदातांचं, लहान मुलीसारखं. मग म्हणाली, "केवी थाय छे?" कशी होते?

"जाडी," मी म्हटलं. त्यावर आम्ही दोघंही हसलो, आणि मला एकदम भरून आलं. म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिलो. तासभर आम्ही तसेच बसलो. तो काही आला नाही, दुकानात माल उतरत होता. चारच्या बसची वेळ झाली तेव्हा मी उठलो. म्हातारीनं आतून पिशवीत हरभऱ्याची जुडी आणून दिली आणि म्हणाली, "आवजो."

बस बडोद्याच्या हद्दीत शिरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज फोटो काढलेला नाही. बाहेर अजून उजेड होता. हरभऱ्याची जुडी मांडीवर होती, तिचा काढता आला असता. मी मोबाइल हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. घरी जाऊन ग्रुपवर लिहिलं, "२१२. खाडा." खाली काही वेळानं त्याची ओळ आली, "सरस." बहुधा न वाचताच टाकली असावी.

साडेसातला बायकोचा फोन आला. त्या दिवशी मी बोलत सुटलो. बस, घर, म्हैस, रोटल्या, म्हातारी, आणि मोराचा फोटोसुद्धा. सगळं संपल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला राग नाही ना आला त्याचा?"

"नाही. चांगला माणूस आहे."

"तुम्हाला वाटतं, मी तुमचे फोटो बघत नाही," ती म्हणाली.

"तसं नाही."

"रोज बघते. पडदे धुतलेले नाहीत. गच्चीतल्या दोरीला गाठ मारलीय, ती तुटली होती का? आणि एक सांगू? इतक्या फोटोंत एक माणूस नाही हो. एकाचंही तोंड नाही."

फोन कानाशी धरूनच मी आठवून पाहिलं. पुलावरच्या पाठी होत्या. बसमधली डोकी होती, मागून. छत्री, चपला, चिमटे, तांब्या. ती म्हणत होती ते खरं होतं.

"मला इथे करमत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी दीड-दोन वर्षांत तिला एकदाही म्हटलं नव्हतं. म्हटलं तर तिला वाटेल मी परत बोलावतोय, म्हणून.

"मला तरी कुठे करमतंय," ती म्हणाली. मग नात उठली आणि तिला फोन ठेवावा लागला.

त्यानंतर लगेच काही बदललं असं नाही. दुसऱ्या दिवशी सात वीसची बस होतीच. मी बसमध्ये सहा वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांना विचारलं, तुमचा एक फोटो घेऊ का. ते चमकले. "कशाला?" "असाच." "नको हो," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसले. आठवडाभर आमचं नीट बोलणं झालं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं मात्र काढू दिला. डोक्यावरची ओढणी नीट केली, हसली नाही, सरळ माझ्याकडे बघत राहिली. फोटो हलला होता. मी तो तसाच टाकला.

उन्हाळ्यात सावलीचा माणूस ग्रुपमधून बाहेर पडला. कामं वाढली, वेळ होत नाही, असं त्यानं सगळ्यांना कळवलं. मला वेगळं काही लिहिलं नाही आणि मीही अपेक्षा केली नव्हती. सहाच्या सुमारास मोबाइल बघायची सवय जायला थोडे दिवस लागले.

एका दुपारी, रविवारी, मी कपडे वाळत घालत असताना बायकोकडून एक फोटो आला. ती कधी फोटो काढत नाही. तिला कॅमेरा कुठे दाबायचा हेही लेकीनं दाखवलं असणार. वर काही लिहिलं नव्हतं. स्वयंपाकघराचा ओटा होता, त्यावर तिचा चष्मा आणि एक कप. समोर खिडकी. खिडकीच्या गजांपलीकडे हात लांबवला तर लागेल इतकी जवळ शेजारच्या इमारतीची भिंत, वरून खालपर्यंत, करड्या रंगाची. आकाश कुठेच नव्हतं. मी बंगळूरला दोनदा गेलो होतो, पण हॉलमध्येच बसलो होतो. त्या ओट्याशी मी कधी उभा राहिलो नव्हतो. ती रोज तिथे उभी असते.

मी फोटो मोठा करून पाहिला. कपात चहा होता, साय धरलेला. मग फोनची वेळ नसतानाही मी फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला.

"भिंत फार जवळ आहे गं," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो."